पद्मजाबाईंची बदली

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. पण दर ओळीला 'हे' आणि 'ह्यांनी' लिहीत बसले तर कोण हे आणि कोण ते, वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. म्हणून सरळ तुकोजी लिहिते. तसाही त्या माणसाबद्दल लिहिताना मला राग येतो, आणि रागात नाव तोंडात बरं बसतं.

तुकोजी मिलमध्ये विणकर होते. इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडल्या, त्यात आमचीही पडली. भोंगा वाजायचा थांबला, पण हा माणूस पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचा थांबला नाही. अंधारात उठायचं, दाढी करायची, आणि मग जायला जागाच नाही म्हणून घरभर भांड्यांना पाय लावत फिरायचं. आमच्या लाइनीतले, म्हणजे मिलच्या चाळीतले, बाकीचे कुठे ना कुठे चिकटले. कोणी पोलोग्राउंडच्या वर्कशॉपात लागला, कोणी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्टे किसायला बसला. तुकोजी म्हणायचे, "मी विणकर आहे." जसं काही आमच्या दारात सुताची रिळं येऊन पडली होती.

मिल बंद झाली तशी पोरांची इंग्लिश शाळाही बंद झाली. आमची सुरभी आणि लाइनीतली बहुतेक सगळी पोरं सरकारी मिडल स्कूलमध्ये आली, सहावी ते आठवी. शाळा कसली, पत्र्याखालचे चार वर्ग. पावसाळ्यात पोरं कोरडा कोपरा बघून बसायची. मुलींच्या संडासाला दार नव्हतं, म्हणून मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नसत. मास्तर एकदा गेला की त्याच्या जागी दुसरा येत नसे. हेडसर श्रीकृष्ण दुबे भले गृहस्थ होते, पण त्यांचं भलेपण मान हलवण्यापुरतं होतं. शाळा खरी उभी होती ती पद्मजाबाईंवर.

पद्मजाबाई गणित शिकवायच्या. जुन्या इंदुरात म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या, लग्न केलेलं नव्हतं. वडील आमच्याच मिलमध्ये होते म्हणे, पण बाई लहान असतानाच गेले. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की तिसऱ्या खोलीतली पोरं पहिल्या खोलीतला हिशेब तिथे बसून सोडवायची.

एक दिवस त्या आमच्या लाइनीत आल्या. ओट्यावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव पडला होता. बाई समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पत्ते नंतर पिसा. आमच्या मुलींच्या संडासाला दार नाही. तुमच्यापैकी कुणाला दार बसवता येतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यातल्या प्रत्येकाला येत होतं. इतक्या दिवसांत त्यांना 'येतं का' असं कुणी विचारलंच नव्हतं. तुकोजी सगळ्यांत आधी उठले. संध्याकाळपर्यंत दार बसलं, आतून कडीसुद्धा लागली.

मग काय, रोज काही ना काही निघायला लागलं. पत्र्याची भोकं बुजवली, हातपंप चालू झाला, वर्गातले फळे काळे रंगवले. बाई सांगायच्या आणि ही मंडळी करायची. पहाटेच्या दाढीला जायला जागा मिळाली. एकदा अंघोळीच्या मोरीतून शीळ ऐकू आली तेव्हा मी तवा तसाच ठेवून ऐकत राहिले. मिल गेल्यापासून आमच्या घरात कोणी शीळ घातली नव्हती. त्या बाईचे उपकार मी मानते ते दारासाठी किंवा पत्र्यासाठी नाही, त्या शिळेसाठी.

पुढे पालकांची समिती झाली आणि तुकोजी तिचे अध्यक्ष झाले. कॉलर ताठ करून चालायला लागले. मी म्हटलं, "अध्यक्षजी, जरा गिरणीतून दळण आणता का?" तर हसून डबा उचलला. बरे दिवस होते ते.

अशात एक दिवस शेजारच्या सखुबाई घाबऱ्याघाबऱ्या आल्या. "अगं सुनीता, ती मास्तरीणबाई शाळेच्या पायरीवर पोट दाबून बसली होती. तोंड एकदम पांढरं. मी विचारलं तर म्हणते, कुछ नहीं, गॅस है."

गॅस नव्हता. मी आणि तुकोजी दोघं मिळून विचारायला गेलो तेव्हा बाईंनी सांगितलं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन लवकर करून टाका, नंतर तीन महिने आराम. बाई पुढे ढकलत होत्या.

"का पण?" मी विचारलं.

"आठवीची बोर्डाची परीक्षा आहे, ताई. मी गेले तर गणित कोण घेणार? माझ्यामागे कोणी येणार नाही. आणि इतके दिवस वर्ग रिकामा दिसला तर जागाच उचलून दुसऱ्या शाळेत टाकतील. परत यायला मला शाळाच उरायची नाही."

तुकोजींना ते सहनच होईना. "मॅडमजी, मिलमध्ये अशी बात नव्हती," म्हणाले. "माणूस बिमार पडला तर त्याची बदली मिळायची."

बाई थकल्यासारख्या हसल्या. त्यांचं लक्ष होतं की नव्हतं, देव जाणे. पोटात कळ येत असावी.

आता हा शब्द सांगायलाच हवा. मिलमध्ये कायम माणूस रजेवर गेला की त्याच्या मागावर जो दुसरा उभा राहायचा त्याला बदली म्हणत. पहाटे गेटवर बदलीवाल्यांची गर्दी असायची, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्यातून माणूस निवडायचा. प्रत्येक विणकराचा स्वतःचा हुक असतो, तुटलेला धागा फणीतून ओढायचा. रजेवर जाणारा तो हुक आपल्या हाताने बदलीवाल्याला द्यायचा आणि बरा होऊन आला की परत घ्यायचा. याचा अर्थ एवढाच की जा, निर्धास्त हो, तुझी जागा कुठे जात नाही. तुकोजींना टायफॉइड झाला होता तेव्हा त्यांच्या बदलीवाल्याने हुक तेल लावून परत आणून दिला होता. तो अजून आमच्या भिंतीवर खिळ्याला आहे. आमच्या लाइनीत 'बदली मिळाली' म्हटलं की घरच्या बाया देवापुढे दिवा लावायच्या. सरकारी लोकांची व्हायची ती ट्रान्सफर, तबादला. तो आमच्या वाट्याचा शब्दच नव्हता. मिल कोण उचलून दुसऱ्या गावी नेणार होतं?

थोड्याच दिवसांत वरून फर्मान आलं. सरकारी शाळा सुधारायच्या तर लोकांना विचारून सुधारायच्या, असं काहीतरी नवीन निघालं होतं, 'जनसहभागिता' म्हणत. खात्याचे साहेब शाळेत येणार होते, पालकांची मागणी ऐकायला. बाईंनी आदल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून बजावलं, "मुळमुळीत बोलू नका. साहेब विचारतील तेव्हा स्पष्ट सांगा. मागितलं नाही तर मिळत नाही." तुकोजींनी रात्री जेवताना चारदा म्हणून बघितलं काय बोलायचं ते. आणि बाईंना आधी काही सांगायचं नाही असंही ठरवलं. एकदम खबर देऊ म्हणे.

साहेब तरुण होते, पार दुसऱ्या टोकाच्या रीवाकडचे. बोलायला गोड. बसल्याबसल्या म्हणाले, "शिक्षकगण कृपया बाहर बैठें, ताकि पालक खुलकर बोल सकें." म्हणून हेडसर, पद्मजाबाई आणि बाकीचे बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. जाताना बाईंनी तुकोजींकडे बघून डोळ्यांनीच 'बोला' म्हटलं. मी पाहिलं ते.

पंखा, लाइट, खोली, सगळं सांगून झालं. मग तुकोजी उभे राहिले. शर्टाला मीच इस्त्री केली होती.

"साहब, बाकी सब बाद में. हमारी पहली माँग ये है कि पद्मजा मैडम की बदली दी जाए. गणित वाली मैडम. परीक्षा से पहले हो जाए तो बड़ी मेहरबानी."

साहेबांनी पेन थांबवलं. "उनसे कोई शिकायत है?"

"शिकायत कैसी साहब? उनके भले के लिए बोल रहे हैं. बहुत दिन हो गए, अब उनको आराम मिलना चाहिए."

साहेब समजून उमजून हसले. केवढा सभ्य माणूस, तक्रारसुद्धा किती मऊ शब्दांत करतो, असं त्यांना वाटलं असणार. हे मला आज कळतं. तेव्हा मी तुकोजींकडे बघत बसले होते.

"सब सहमत हैं?" साहेबांनी विचारलं.

झाडून सगळे हात वर गेले. सखुबाईंनी तर दोन्ही हात वर केले. मिलवालेच होते सगळे. बदली म्हणजे काय हे कुणाला विचारायची गरजच नव्हती.

पुढे पंखा आला नाही, खोली आली नाही, लाइटही नाही. पण महिना उलटायच्या आत शाळेचा शिपाई रस्त्यात तुकोजींना भेटला आणि म्हणाला, "भिया, मैडम की बदली का ऑर्डर आ गया."

हा माणूस घरी न येता तसाच पाटनीपुऱ्यात गेला. गरम जलेबी बांधून घेतली आणि शाळेत पोचला. वाटेत मी भेटले तर मलाही बरोबर घेतलं. "सुनीता, सरकारनं ऐकलं आपलं," म्हणत होते. डोळ्यांत पाणी होतं. मिल बंद झाली तेव्हा आम्ही किती मोर्चे काढले, किती ओरडलो, कुणी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं होतं.

पद्मजाबाई स्टाफरूममध्ये एकट्या बसल्या होत्या. पुढ्यात कागद होता. तुकोजींनी पुडा उघडून त्यांच्यासमोर धरला.

"मॅडमजी, तोंड गोड करा. तुमची बदली आली."

बाईंनी वर पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मागितली होती ती. सगळ्यांनी हात वर केले, म्हणे."

"मग! एकूण एक. लाइनीतलं कोणी बाकी नाही राहिलं," तुकोजी अभिमानाने म्हणाले.

"एवढा आनंद झाला तुम्हाला?"

"का नाही होणार मॅडमजी? कधीची इच्छा होती आमची."

बाईंनी पुड्यातून जलेबीचं एक वेटोळं उचललं, तोंडात घातलं आणि सावकाश गिळलं. "गोड आहे," म्हणाल्या. मग पेन काढून समोरच्या कागदावर काहीतरी लिहू लागल्या. मला वाटलं, रजेचा अर्ज. आम्ही 'आराम करा, तब्येत सांभाळा' असं आशीर्वाद दिल्यासारखं बोलून बाहेर पडलो. उरलेली जलेबी वाटेत पोरांना वाटली.

त्यानंतर बाई शाळेत दिसल्या नाहीत. ऑपरेशनला गेल्या असतील, असंच धरून आम्ही चाललो होतो. नवी बदलीवाली बाई कधी येते याची वाट बघत होतो. शनिवारी सुरभी रडत घरी आली. बाई मुलांना भेटायला आल्या होत्या. उद्या सकाळी कायमच्या चालल्या होत्या, अलीराजपूरच्याही पलीकडे कुठल्याशा गावी. मुलांनी विचारलं का, तर म्हणाल्या, तुमच्या आईवडिलांना विचारा.

तुकोजी पायात चपला न घालता हेडसरांच्या घरी गेले. मी मागोमाग. हेडसर कधी नव्हे ते चिडले. "आप ही लोगों ने हटवाया, और अब आँसू बहा रहे हैं? मैंने उनसे कितना कहा कि बीमारी का लिखकर दीजिए, तबादला रुक जाएगा. मान भी गई थीं. अर्जी लिखने बैठी थीं. फिर आप मिठाई लेकर पहुँच गए. उसी कागज़ पर लिख दिया कि मुझे कोई आपत्ति नहीं."

तुकोजी दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

त्याच पायी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बदली का मतलब तो ट्रांसफर ही होता है न?" तुकोजी हुक, माग, जॉबर, गेट, सगळं सांगायला लागले. हातवारे करून सांगत होते. साहेबांना काही कळत नव्हतं. "देखिए, वो रिलीव हो चुकी हैं. खुद लिखकर दिया है. अब मेरे हाथ में नहीं." आणि उठताउठता म्हणाले, "वैसे आपके स्कूल का उदाहरण हम सब जगह देते हैं. जनता ने माँगा और विभाग ने कर दिखाया."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. पण मला तुकोजींचाच राग आला, फार आला. घरी येऊन मी म्हटलं, "मिल मेली, तिच्याबरोबर तिचे शब्दही जाळून टाकायचे होते."

रविवारी सकाळी आम्ही गंगवाल बसस्टँडवर गेलो. बाई आईला घेऊन बाकावर बसल्या होत्या, शेजारी ट्रंक आणि एक लांबट पिशवी. आम्हाला पाहून त्यांनी मान फिरवली. तुकोजी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. लोक बघत होते, त्यांना काही नव्हतं त्याचं.

"मॅडमजी, आम्ही तुमची बदली मागितली," ते म्हणाले. "मिलवाली बदली. तुम्ही बरं होऊन येईपर्यंत तुमच्या जागी उभं राहणारी."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या म्हाताऱ्या आईनेच तोंडाला पदर लावला. तिला आधी कळलं.

"बाबा," बाई म्हणाल्या. "माझे बाबा कायम कधी झालेच नाहीत. बदलीतच होते शेवटपर्यंत. आई त्यांना पहाटे उठवायची, 'उठा, बदलीला उशीर होतो.' मी गोधडीत पडून रोज ऐकायची. आणि तुमच्या तोंडून मला ते ऐकू आलं नाही."

"चूक माझी आहे मॅडमजी."

"मीच म्हटलं होतं, स्पष्ट बोला." त्यांनी हात पुढे करून तुकोजींना उठायची खूण केली. "तुमच्या जलेबीने मला इतकं लागलं होतं ना, की आणखी एक दिवस थांबले असते तर जीव दिला असता. आता निदान तेवढं तरी नाही."

मी रडत होते. कंडक्टरने हाक दिली. तुकोजींनी ट्रंक टपावर चढवली. बाईंनी पिशवीतून फळ्यावर वर्तुळं काढायचा मोठा लाकडी परकार काढला. खडू बसवायच्या टोकाशी तो घासून गुळगुळीत झाला होता. नोकरीला लागल्यापासून त्यांच्याजवळ तोच होता.

"रजेवर जाणाऱ्याने हुक बदलीवाल्याच्या हातात द्यायचा असतो ना?" त्यांनी विचारलं. तुकोजींनी मान हलवली. "माझी बदली कोण ते अजून माहीत नाही. आली की तिला हा द्या. आणि सांगा, जसा दिला तसा परत पाहिजे."

बस गेली.

नव्या जागी हजर झाल्याझाल्या बाईंना रजा मिळेना. तिथल्या शाळेत तर त्या एकट्याच होत्या. ऑपरेशन उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबलं. गाठ थांबली नाही. जुन्या इंदुरातून त्यांच्या आईच्या शेजारणीने निरोप पाठवला तेव्हा सगळं होऊन बाईंचा तेरावाही झाला होता.

तुकोजी आता शीळ घालत नाहीत. पहाटे उठतात, दाढी करतात आणि भिंतीपाशी जातात. एका खिळ्याला हुक आहे, दुसऱ्याला परकार. दोन्ही फडक्याने पुसतात आणि परत टांगतात. सुरभी आठवीत गणितात राहिली. शाळेत गणिताला अजून कोणी आलेलं नाही. त्यामुळे परकार न्यायला कोणी आलं नाही, आणि परत मागायला आता कोणी येणार नाही.